प्रकल्प नोंदी: ॲन्सिबल नॅव्हिगेटर घेऊन इमेजच्या आत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ॲन्सिबलचं, म्हणजे बऱ्याच सर्व्हरवर एका जागेवरून कामं करवून घेणाऱ्या टूलचं, सगळं काम लॅपटॉपवरून काढून कंटेनरमधे, म्हणजे लागणारं सामान सोबत बांधलेल्या वेगळ्या डब्यात, न्यायचं ठरलं. आजपासून इथे नोंदी टाकत जाईन, टीममधल्या सगळ्यांनी वाचायच्या.

अडचण सगळ्यांना माहीत आहे. प्लेबुक, म्हणजे सर्व्हरवर काय काय करायचं ते लिहिलेली फाइल, एकच, गिटमधे एकाच जागी, पण ते चालवणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पायथन वेगळं, ॲन्सिबल वेगळं, कलेक्शन (मॉड्यूल म्हणजे एकेक काम करणारा कोड, त्यांचा गठ्ठा) वेगळी. एकाकडे चालते, दुसऱ्याकडे मॉड्यूलच सापडत नाही, आणि मग "माझ्याकडे तर चालून राहिलं न" यातच दुपार निघून जाते. २०२० मधे ॲन्सिबल २.१० आलं तेव्हा बहुतेक मॉड्यूल मुख्य पॅकेजमधून काढून कलेक्शनमधे नेले. निर्णय बरोबरच होता, कारण एका स्विचच्या मॉड्यूलमधली दुरुस्ती यायला अख्ख्या ॲन्सिबलच्या रिलीजची वाट पाहावी लागायची ते संपलं, पण कुठलं कलेक्शन, त्याचं कुठलं व्हर्जन, त्याला लागणारी पायथन लायब्ररी कोणती, हे सांभाळणं आपल्या अंगावर आलं.

एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट, पुढे नुसतं ईई लिहीन, म्हणजे हे सगळं एका कंटेनर इमेजमधे, ज्यावरून कंटेनर उभा होतो त्या साच्यात, बांधून ठेवायचं: ॲन्सिबल कोअर (मूळ इंजिन), ॲन्सिबल रनर (कंटेनरच्या आत प्लेबुक चालवणारं), कलेक्शन, पायथन लायब्ररी, लागतील ती सिस्टिम पॅकेज. सगळ्यांनी तीच इमेज वापरायची. इमेज बांधते ॲन्सिबल बिल्डर, आणि ती वापरायला, आत डोकावायला ॲन्सिबल नॅव्हिगेटर. बरेच जण नॅव्हिगेटरला प्लेबुक चालवायची दुसरी कमांड समजतात. माझं मत असं झालंय की चालवणं हा त्याचा लहान भाग आहे, इमेज उघडून आत काय भरलंय ते दाखवणं हे खरं काम, आणि या नोंदी बहुतेक त्याबद्दलच असतील.

मुदत नोव्हेंबर अखेर. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सच्या क्लायंटकडे जायचं म्हणजे बॅरिकेड आणि वळसे, त्यांच्या सर्व्हर रूममधलं काम त्याच्या आत उरकलं पाहिजे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इन्स्टॉल झालं. फेडोरावर पॉडमन (डॉकरसारखं कंटेनर चालवणारं इंजिन) आधीच होतं, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून पिपने, म्हणजे पायथनची पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, नॅव्हिगेटर टाकलं, बस. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मधे उबुंटू घेऊन त्यातच सगळं करायचं, थेट विंडोजवर हे चालत नाही. पॉडमन आणि डॉकर दोन्ही असतील तर ते आपोआप आधी पॉडमन पाहते. ज्यांना डॉकरच पाहिजे त्यांनी सेटिंगमधे कंटेनर इंजिन लिहून द्यायचं.

पहिल्यांदा चालवलं की ते आपली डिफॉल्ट इमेज ओढते, डेव्हलपमेंटची सगळी टूल भरलेली, चांगली जाडजूड आहे. सकाळी ऑफिस रिकामं असताना ओढून घ्या, अकरानंतर नेट सगळ्यांत वाटलं जाते.

आता पाहायचा भाग. टर्मिनलमधे 'ॲन्सिबल-नॅव्हिगेटर इमेजेस' मारलं की लॅपटॉपवरच्या सगळ्या कंटेनर इमेजची यादी येते, डावीकडे शून्यापासून नंबर, मग नाव, टॅग, ती ईई आहे की नाही याचं ट्रू किंवा फॉल्स, कधीची आहे आणि साइज. डेटाबेसची, वेबसर्व्हरची कुठलीही इमेज पडली असेल तर तीही दिसते पण तिच्यापुढे फॉल्स. आपल्या इमेजचा नंबर दाबला की सहा ओळी उघडतात: इमेजची माहिती, सर्वसाधारण माहिती, ॲन्सिबल व्हर्जन आणि कलेक्शन, पायथन पॅकेज, ऑपरेटिंग सिस्टिम पॅकेज, आणि शेवटी सगळं एकत्र. २ दाबा, कोअर कितीचं आहे ते समोर. ३ दाबा, आतल्या पायथन लायब्ररींची यादी. एस्केप दाबलं की एक पायरी मागे. नऊच्या पुढचा नंबर पाहिजे असेल तर आधी कोलन टाकून मग नंबर. खालच्या पट्टीवर कुठली की काय करते ते लिहिलेलंच असते, दोन दिवसांत बोटांना सवय होईल.

हे सगळं पॉडमनची कमांड मारून, आत शेल उघडून, पिप लिस्ट करून पाहता येतेच. पण नवीन पोरगी जी कालपर्यंत कंटेनर म्हणजे काय विचारत होती तिने आज न विचारता कोअरचं व्हर्जन सांगितलं, मला त्याचं फार बरं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. आज दिवसभर 'कलेक्शन्स' ही सबकमांड पाहिली आणि माझ्या मते या टूलमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

झालं असं की यूजर अकाउंट बनवणारं आपलं जुनं प्लेबुक ईईमधे चालवलं तर कम्युनिटी जनरल कलेक्शनचं एक पॅरामीटर त्याला ओळखू येईना. डॉक्युमेंटेशनमधे ते पॅरामीटर आहे, इमेजमधलं कलेक्शनही नवीन, मग काहून नाही? कलेक्शनची स्क्रीन उघडली. त्यात नाव, व्हर्जन, शॅडोड, टाइप आणि पाथ असे रकाने येतात. कम्युनिटी जनरल दोनदा होतं. एकाचा टाइप कंटेन्ड, म्हणजे इमेजच्या आतलं, आणि दुसऱ्याचा बाइंड माउंट, म्हणजे आपल्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून आत दिसणारं. इमेजमधल्याच्या पुढे शॅडोड ट्रू. प्लेबुकच्या बाजूला कलेक्शन्स नावाचं फोल्डर पडलं होतं, त्यात खूप आधीचं व्हर्जन, आणि प्लेबुकच्या शेजारचं कलेक्शन इमेजमधल्यावर हावी होते. आतलं नवीन कलेक्शन सावलीत गेलं होतं.

फोल्डर रेपोतून काढलं, चाललं. टर्मिनलवरच्या एररमधे या दोन व्हर्जनचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हणून नियम करू: पॅरामीटर किंवा मॉड्यूल ओळखत नाही अशी तक्रार आली की प्लेबुकला हात लावायच्या आधी कलेक्शनची स्क्रीन उघडा आणि शॅडोडचा रकाना पाहा.

दुसरं, शेजारच्या फोल्डरची सोय वाईट नाही. एखादं कलेक्शन तपासायचं आहे आणि त्यासाठी अख्खी इमेज परत बांधायची नाही, तर तात्पुरतं तिथे टाकून पाहता येते. फक्त काम झालं की काढा, आणि गिटमधे जाऊ देऊ नका.

'डॉक' पण पाहिलं. 'ॲन्सिबल-नॅव्हिगेटर डॉक' आणि पुढे मॉड्यूलचं पूर्ण नाव. ते डॉक्युमेंटेशन इमेजच्या आतून येते, म्हणजे आपण जे व्हर्जन चालवणार त्याचंच. नेटवर शोधलं की पहिलं पान नेहमी सगळ्यात नवीन व्हर्जनचं उघडते, मग तिथे असलेलं पॅरामीटर आपल्याकडे नसते आणि माणूस डोकं धरून बसते. नेट नसतानाही चालते हे वेगळंच.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी त्या नवीन पोरीचा फोन आला, आयपी पत्ते तपासणाऱ्या आयपीॲडर फिल्टरबद्दल, "दादा, आयपीॲडर फिल्टर चालूनच नाही राहिला, नेटॲडर पाहिजे म्हणते, मी तर पिपने टाकलं, तरी तेच."

टाकलं होतं लॅपटॉपवर. एरर म्हणत होता की नेटॲडर लायब्ररी कंट्रोलरवर, म्हणजे जिथून ॲन्सिबल चालते तिथे, पाहिजे, आणि ईई वापरायला लागलो की कंट्रोलर म्हणजे कंटेनर, लॅपटॉप नाही. लॅपटॉपवर काहीही टाका, आत त्याचा पत्ता लागत नाही. तिला फोनवरच म्हटलं, इमेजेस उघड, आपल्या इमेजचा नंबर, मग ३, आणि यादीत एन पर्यंत ये. नेटॲडर नव्हतंच. "हो दादा, नाही आहे इथे," आणि तिथून पुढचं तिने स्वतःच केलं, पायथनच्या रिक्वायरमेंट्स फाइलमधे एक ओळ वाढवून मला मर्ज रिक्वेस्ट पाठवली.

इतकंच काम होतं, पण इथेच या सगळ्याचा गाभा आहे म्हणून लांबण लावतो. आपली जुनी सवय अशी की काही सापडलं नाही की मशीनवर टाकून मोकळं व्हायचं, कुणी कुठे लिहायचं नाही. ईईमधे तसं करताच येत नाही. चालत्या कंटेनरमधे घुसून टाकलं तरी तो रन संपला की कंटेनर पुसला जातो, पुढच्या वेळी परत नाही. जे पाहिजे ते इमेजच्या फाइलमधे लिहावंच लागते, आणि लिहिलं की सगळ्यांना मिळते. सुरुवातीला हे जाचक वाटेल, मला ते फार आवडून राहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आपली स्वतःची इमेज बांधली. ॲन्सिबल बिल्डरची व्हर्जन ३ ची फाइल, बेस रॉकी ९ (लिनक्सचा एक प्रकार) ची इमेज. रॉकी ९ चं आपलं पायथन ३.९ असते आणि कोअर २.१६ ला कंट्रोलरवर किमान ३.१० लागते, म्हणून फाइलमधे पायथन इंटरप्रिटरच्या जागी ३.११ सांगितलं. कलेक्शन गॅलेक्सीच्या (कलेक्शन जिथून उतरवतात ती जागा) रिक्वायरमेंट्स फाइलमधे, पायथन लायब्ररी दुसऱ्या फाइलमधे, सिस्टिम पॅकेज बाइंडेपच्या फाइलमधे. बांधताना चार टप्पे होतात, बेस, गॅलेक्सी, बिल्डर आणि फायनल. पहिला बिल्ड वेळखाऊ, नंतरचे कॅशमुळे पटापट.

बांधून झाली की लगेच नॅव्हिगेटरने उघडून पाहायची हे पक्कं. आज ४ नंबरच्या ओळीत, म्हणजे सिस्टिम पॅकेजच्या यादीत, ओपनएसएसएच क्लायंट दिसला नाही. बेस इमेजमधे तो येत नाही. त्याच्याशिवाय एकाही लिनक्स सर्व्हरला जोडणी होणार नव्हती. बाइंडेपमधे टाकून परत बांधली. प्लेबुक चालवून अनरीचेबल पाहत बसण्यापेक्षा हे बरं.

टॅग देताना लेटेस्ट द्यायचा नाही, तारीख द्यायची. नॅव्हिगेटरची पुल पॉलिसी डिफॉल्टने टॅगवर चालते: टॅग लेटेस्ट असला तर प्रत्येक वेळी रजिस्ट्रीकडे, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन कोठाराकडे, जाऊन इमेज ओढायला पाहते, दुसरा कुठला असला तर लॅपटॉपवर नसेल तेव्हाच ओढते. आपलं नेट पाहता याने रोजचा किती वेळ वाचेल ते सांगायला नको. शिवाय तारखेचा टॅग असला की सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर कुठल्या इमेजने काम केलं होतं ते दाखवता येते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस जड गेला, नोंदही लांब होईल.

नव्या इमेजमधे कोअर २.१९ ठेवू असं टीमचं म्हणणं होतं, म्हणून तशी एक बांधून रॉकी ८ वाल्या सर्व्हरवर पॅचिंगचं प्लेबुक चालवलं. पहिल्याच टास्कला सिंटॅक्स एरर: फ्यूचर फीचर ॲनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड. प्लेबुकमधे ॲनोटेशन्स हा शब्दच नाही. रन इंटरॅक्टिव्ह मोडमधे होता म्हणून प्लेचा नंबर, मग टास्कचा नंबर दाबून आत गेलो. तिथे त्या टास्कचं सगळं उत्तर पसरून दिसते, कुठल्या होस्टवर, कुठलं इंटरप्रिटर वापरलं, मॉड्यूलने काय ओकलं, सगळं. इंटरप्रिटर होतं त्या सर्व्हरवरचं पायथन ३.६.

आता कारण. ॲन्सिबल आपलं मॉड्यूल समोरच्या सर्व्हरवर पाठवून तिथल्या पायथनने चालवते. कोअर २.१७ पासून समोरच्या मशीनवरचं पायथन २.७ आणि ३.६ दोन्हीचा आधार काढला. ती ॲनोटेशन्सची ओळ पायथन ३.७ मधे आली, त्यामुळे ३.६ ला ती कळतच नाही. मग रॉकी ८ वर नवीन पायथन टाकू म्हणाल तर टाकता येते, आणि पुष्कळ मॉड्यूल चालतातही, पण डीएनएफचं, म्हणजे रॉकीवर पॅकेज टाकणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या टूलचं, मॉड्यूल नाही चालत, कारण डीएनएफची पायथन बाइंडिंग्ज तिथे फक्त सिस्टिमच्या ३.६ साठीच आहेत. आणि पॅचिंगच्या प्लेबुकमधे डीएनएफ नसेल तर उरलं काय!

म्हणजे जुन्या सर्व्हरसाठी २.१६. त्याची कम्युनिटीची मुदत याच वर्षी मे मधे संपली हे मला ठाऊक आहे आणि ते आवडत नाही, पण रॉकी ८ ला मे २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत आणि क्लायंट तोवर सर्व्हर बदलायचं नाव घेणार नाहीत. एका क्लायंटकडे अजून एक सेंटओएस ७ आहे, त्याचा आधार तर ३० जून २०२४ लाच संपला, तो बदलायचं वेगळं पत्र सरांनी पाठवलंय.

ठरलं ते असं: दोन इमेज. 'जुनी', कोअर २.१६, रॉकी ८ आणि तो एकटा सेंटओएस. 'नवी', कोअर २.१९, रॉकी ९ आणि उबुंटू २२.०४. कलेक्शनची व्हर्जन दोन्हीत वेगवेगळी बांधलेली, कारण नवीन कलेक्शन जुन्या कोअरचा आधार सोडत जातात. लॅपटॉपवर हे दोन संसार सोबत नांदवणं म्हणजे रोजचं भांडण झालं असतं, इथे फक्त इमेजचं नाव बदलायचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डिस्क रिपोर्टचं प्लेबुक. सगळ्या सर्व्हरवरची डिस्कची माहिती गोळा करून लोकलहोस्टच्या टेंप फोल्डरमधे एक सीएसव्ही लिहिते. ईईमधे चाललं, सगळं हिरवं, चेंज्ड पण दाखवलं, फाइल मात्र कुठेच नाही. फाइल लिहिली गेली होती, कंटेनरच्या टेंपमधे, आणि कंटेनरसोबत गेली. लोकलहोस्ट म्हणजे आता कंटेनर, नेटॲडरवाल्या गोष्टीचाच हा दुसरा चेहरा. प्लेबुकचं फोल्डर आत त्याच पाथवर माउंट होते, म्हणून प्लेबुक डिर व्हेरिएबल वापरून शेजारच्या रिपोर्ट्स फोल्डरमधे लिहायला लावलं, आता मिळून राहिली. ज्या ज्या प्लेबुकमधे डेलिगेट टू लोकलहोस्ट आहे ती सगळी शोधून तपासायची आहेत, ग्रेप करून यादी काढली.

ॲन्सिबल डॉट सीएफजी या ॲन्सिबलच्या सेटिंग फाइलचंही तसंच. होम फोल्डरमधली किंवा ईटीसीमधली लॅपटॉपवरची फाइल आत वाचली जात नाही, प्रोजेक्टच्या फोल्डरमधे ठेवा. एसएसएच कीची चिंता नको, एजंट चालू असेल तर त्याचं सॉकेट आत जाते आणि होममधलं एसएसएच फोल्डरही माउंट होते.

प्रत्येक रननंतर एक आर्टिफॅक्ट फाइल तयार होते, जेसन, नावात वेळ. ती वेळ डिफॉल्टने यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. रात्री दोनला पॅचिंग केलं तर फाइलवर आदल्या दिवशीची तारीख पडेल आणि क्लायंट विचारेल. सेटिंगमधे टाइम झोन एशिया कोलकाता केला. या फाइलवर 'रीप्ले' मारलं की झालेला रन परत जसाच्या तसा उघडतो, प्ले, टास्क, होस्ट सगळं, सर्व्हरला हात न लावता. रात्री कुणाचं काही फेल झालं तर सकाळी स्क्रीनशॉट पाठवत बसू नका, आर्टिफॅक्ट पाठवा. पण जपून, टास्कमधे नो लॉग नसेल तर पासवर्डही त्यात येऊ शकतो. गिट इग्नोरमधे टाकलंय.

व्हॉल्टचा (पासवर्डसारखी गुपितं कुलूपबंद ठेवायची ॲन्सिबलची सोय) पासवर्ड विचारणारी प्लेबुक चालवताना मोड एसटीडीआउट, म्हणजे स्क्रीनऐवजी साधं टर्मिनल आउटपुट, करा आणि आर्टिफॅक्ट बंद ठेवा, नाहीतर प्रॉम्प्ट येतच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सिव्हिल लाइन्सवाल्यांची सर्व्हर रूम. तिथे बाहेरचं नेट नाही. इमेज इथूनच पॉडमन सेव्हने टार फाइल करून पेनड्राइव्हवर नेली, तिथे पॉडमन लोड केलं, आणि सेटिंगमधे पुल पॉलिसी नेव्हर. नॅव्हिगेटरने इमेज उघडून कोअर आणि कलेक्शनची व्हर्जन त्यांच्या मॅडमना स्क्रीनवर दाखवली, त्यांनी चेंज फॉर्मवर लिहून घेतली. त्यांना हा भाग फार पटला. आजवर आपण काय घेऊन येतो आणि त्यांच्या सर्व्हरवर काय चालवतो हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं, आणि ते त्यांना दिसायला पाहिजे असं मला मनापासून वाटते.

पॅचिंग नीट झालं, जुन्या इमेजने.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सेटिंगची फाइल दोन्ही रेपोत टाकली, ॲन्सिबल-नॅव्हिगेटर डॉट वायएमएल नावाने. लक्षात ठेवा, सेटिंग फाइल एकच वाचली जाते, प्रोजेक्टमधली सापडली की होममधली पाहत नाही, दोन्ही मिसळत नाहीत. कुठली सेटिंग कुठून आली ते 'सेटिंग्ज' सबकमांडमधे ओळीओळीने दिसते. आणि आतून पॉडमनला नेमकी काय कमांड गेली ते पाहायचं असेल तर लॉग लेव्हल डीबग करून नॅव्हिगेटरची लॉग फाइल वाचा, माउंट न सापडण्याची बहुतेक भांडणं तिथे सुटतात.

नव्या इमेजमधे काही प्लेबुक अजून अडकतात. २.१९ ला व्हेनच्या, म्हणजे टास्क केव्हा चालवायचा त्या, अटीचं उत्तर खरं किंवा खोटं असंच पाहिजे, नुसती लिस्ट लिहून ती रिकामी आहे की नाही असं चालत नाही. अशा जागी लांबी शून्यापेक्षा जास्त असं स्पष्ट लिहायचं. अटी सैल करायची एक सेटिंग आहे, पण ती लावायची नाही, प्लेबुकच सुधारायची. यादी त्या पोरीकडे दिली आहे, रोज थोडं थोडं होऊन राहिलं.

स्विचवाली प्लेबुक राहिली, त्यांना पायलिबएसएसएच (स्विचला एसएसएचने जोडणारी पायथन लायब्ररी) लागते आणि ते अजून एकाही इमेजमधे नाही. बुधवारी नवीन इमेजच्या फाइलमधे टाकून बांधतो, ३ नंबरच्या यादीत दिसलं की टॅग देऊन सगळ्यांना कळवतो, तोवर स्विचचं काम जुन्या जंप सर्व्हरवरूनच करा.